आठ आण्यांची विकेट

डाळजच्या स्टॉपवर पुण्याच्या एसटीची वाट बघत तुम्ही आजवर किती वेळा उभे राहिला असाल, ते तुमचं तुम्हालाच माहीत. कधी कॉलेजसाठी, कधी क्लाससाठी, कधी कुठल्या तरी भरतीचा फॉर्म भरायला. पुढच्या खेपेला पुण्यात उतरलात की एक काम करा. स्टेशनवरून बंडगार्डनच्या दिशेने चालायला लागा आणि वाटेत पूना क्लबचं मैदान विचारा. आत सोडतील न सोडतील, बाहेरून बघितलं तरी चालेल. हिरवंगार, नीट कापलेलं मैदान. सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या क्लबची खेळपट्टी रोज सकाळी एक पोरगा झाडायचा, त्यावर रोलर ओढायचा, नेट बांधायचा, टेनिस कोर्टाच्या रेषा आखायचा. पगार महिना चार रुपये.

त्या पोराचं नाव बाळू. पुढे हिंदुस्थानभर आणि इंग्लंडातही तो पी. बाळू म्हणून ओळखला गेला. क्रिकेटच्या पुस्तकांत डोकावलेल्या कुणालाही विचारा, भारताचा पहिला मोठा बोलर कोण, तर हेच नाव येईल. पण गावाकडच्या मॅचमध्ये कुणी फिरकी टाकली की आपण नावं घेतो ती टीव्हीवर दिसणाऱ्यांची. म्हणून आज ही गोष्ट.

बाळू पालवणकर यांचा जन्म 19 मार्च 1876 रोजी धारवाडला झाला. कुटुंब चर्मकार समाजातलं, मूळ कोकणातल्या पालवण गावचं. वडील पोटासाठी लष्कराच्या आसऱ्याने पुण्यात आले. लष्करी छावणी म्हणजे त्या काळी अस्पृश्य मानलेल्या माणसाला नोकरी मिळण्याची जवळपास एकमेव जागा. गोरे अधिकारी टाकून द्यायचे ती बॅट, तो झिजलेला बॉल, त्यावरच बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. शाळा लवकर सुटली. पहिली नोकरी पारशी मंडळींच्या क्लबात, पिच झाडायची आणि लोळवायची, महिना तीन रुपये. सोळाच्या आसपास वय असताना तो युरोपियनांच्या पूना क्लबात आला आणि पगारात एक रुपयाची वाढ झाली.

आता जरा डोळ्यांपुढे आणा. नेटमध्ये साहेब बॅटिंगचा सराव करतोय. त्याला बोलिंग टाकायला कुणीतरी हवंय. तो पिच लोळवणारा पोरगा रिकामाच उभा आहे, तर टाक म्हणावं त्याला. इतकी साधी सुरुवात. डावखुरा, सावकाश बॉल टाकणारा. पण तो बॉल पडल्यावर काय करेल हे साहेबाला कळेना.

त्या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचे एक कॅप्टन होते. अंगाने लहानखुरे, पण त्या काळात हिंदुस्थानात खेळणाऱ्या गोऱ्यांमधले सर्वांत पक्के बॅट्समन. (हे पुढे इंग्लंडात हॅम्पशायर कौंटीकडून खेळले आणि म्हातारपणी चक्क पाद्री झाले. माणसं कुठून कुठे जातात!) ग्रेग इतर सभासदांच्या आधी मैदानावर यायचे आणि बाळूला तास-तास बोलिंग टाकायला लावायचे. आणि घरच्यांकडून चालत आलेली गोष्ट अशी, की आउट केलंस तर दर वेळी आठ आणे, असा त्यांचा सौदा होता. हिशेब करा. रुपयाचे सोळा आणे. म्हणजे ग्रेगसाहेबाला आठ वेळा आउट केलं की महिन्याचा पगार वसूल! भूक पाठीशी असलेल्या पोराने त्या आठ आण्यांसाठी किती प्रकारे बॉल वळवून बघितला असेल? कोच नाही, व्हिडिओ नाही. समोर देशातला सर्वांत चिवट बॅट्समन, आणि रोज सकाळी तोच.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. हजारो बॉल टाकून घेतले, पण त्या नेटमध्ये बाळूच्या हातात बॅट कुणी दिली नाही. बॅटिंग ही साहेबाची. बोलिंग हे काम, आणि काम करायला नोकर.

हे फक्त पुण्यातच होतं असंही नाही. इंग्लंडात पैसे घेऊन खेळणारे क्रिकेटपटू वेगळ्या फाटकाने मैदानात उतरायचे, साहेब मंडळी वेगळ्या; तिथे हा भेद 1962 पर्यंत चालला. रग्बीचं तर याच काळात फाटलं. उत्तर इंग्लंडच्या खाणींत आणि गिरण्यांत राबणारे खेळाडू शनिवारची मॅच खेळायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडायची. ती बुडालेली मजुरी क्लबाने भरून द्यावी, एवढंच मागणं. लंडनच्या प्रतिष्ठितांना तेही विटाळासारखं वाटलं. शेवटी 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्ड गावात उत्तरेकडचे क्लब एकत्र आले आणि जुन्या संघटनेतून बाहेर पडले. त्यातूनच आजची रग्बी लीग, पंधराऐवजी तेरा खेळाडूंची, मेहनताना उघडपणे देणारी. त्या खाणकामगारांना निदान वेगळं निघता आलं. बाळूच्या वाट्याला पैशाची दरी होतीच, वर जातीची भिंत. तो वेगळा निघून जाणार कुठे?

पुण्यात तेव्हा हिंदूंचा एक क्लब होता आणि युरोपियनांना हरवायचं हे त्यांचं स्वप्न. ग्रेगला नेटमध्ये रोज बीट करणारा बोलर याच शहरात आहे, ही बातमी लपून राहणार नव्हती. पण त्याला घ्यायचा तर त्याने शिवलेला बॉल आपण शिवायचा? बराच वाद झाला. काही मराठी ब्राह्मण सभासद अडून बसले, तेलुगू मंडळी घ्या म्हणाली. शेवटी जिंकण्याच्या इच्छेने विटाळावर मात केली. अर्धवट, पण केली.

इथपर्यंत आपण त्याला अरे-तुरे केलं, कारण तो पोरगा होता आणि सगळे करायचे. इथून पुढे बाळू यांना अहो-जाहो करू या. त्यांच्या टीममेट्सनी ते लगेच केलं नाही.

मैदानात बॉल एकच. बाळूंच्या हातातून कीपरकडे, कीपरकडून स्लिपमधल्या शास्त्रीबुवांच्या पुढच्या पिढीकडे, परत बाळूंकडे. त्याला कुणाची हरकत नव्हती. चहाची वेळ झाली की टीम पॅव्हेलियनमध्ये, चिनी मातीच्या कपात. बाळू बाहेर, एकदा पिऊन फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. तोंड धुवायचं तर पाणी ओतायला त्यांच्याच समाजातला नोकर. जेवणाचं ताट वेगळं, टेबल वेगळं. सकाळी विकेटा काढायच्या, दुपारी एकटं जेवायचं, आणि पुन्हा येऊन विकेटा काढायच्या. किती राग गिळला असेल? त्यांनी तो कुठे लिहून ठेवलेला नाही. आपल्याकडे उरल्यात त्या विकेटा.

साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध मॅच होती. बाळूंची ख्याती तिथे आधीच पोहोचली होती. म्हणून यजमानांनी आठवडाभर पिच लोळवून लोळवून सपाट केलं, फिरकीला काही मिळूच नये म्हणून. आता ज्याचं अर्धं आयुष्य रोलर ओढण्यात गेलं, त्याला रोलरने फसवायचं! बाळूंनी सात विकेट घेतल्या. पुण्यात परतल्यावर सत्कार झाला, न्यायमूर्ती रानड्यांनी हार घातला आणि टीमला चार शब्द सुनावले: ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत जेवायला काय अडचण आहे, अशा अर्थाचे. पंगत लगेच एक झाली असं समजू नका, पण ओलांडता येईल अशी एक रेघ दिसायला लागली.

पुढे पुण्यात प्लेग आला आणि शतक सरता सरता बाळू मुंबईला गेले. तिथल्या हिंदू जिमखान्यातही आधी कुरबुर, मग प्रवेश. बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरी लागली आणि रेल्वेच्या टीमकडूनही खेळायला मिळालं.

फेब्रुवारी 1906. मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन. हिंदूंनी 242 आणि 160 केल्या, युरोपियनांनी 191 आणि 102. फरक 109 धावांचा. बाळूंनी मॅचमध्ये आठ बळी घेतले, त्यातले पाच निर्णायक दुसऱ्या डावात. शिवरामही टीममध्ये होते. स्वदेशीचे दिवस, जपानने रशियाला हरवून वर्षही झालं नव्हतं, आणि इकडे राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात धूळ चारलेली! सुधारकांच्या पत्रांनी बरोबर मुद्दा उचलला, की हे दोन भाऊ घेतले नसते तर हा दिवस दिसला नसता.

मग 1911. हिंदुस्थानची टीम प्रथमच सर्व धर्मांचे खेळाडू घेऊन इंग्लंडला गेली. कॅप्टन पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय वीसच्या आत-बाहेर. महाराजांचं लक्ष राज्यारोहणाच्या मेजवान्यांकडे जास्त, मैदानाकडे कमी. टीम तेवीस मॅच खेळली आणि त्यातल्या पंधरा हरली. बाळू तेव्हा पस्तीस वर्षांचे, खांदा दुखावलेला. त्यांनी दौऱ्यात 114 विकेट घेतल्या. लीस्टरशायरविरुद्ध दोन डावांत मिळून अकरा, आणि ती मॅच आपण जिंकलो. केंब्रिज विद्यापीठाच्या एका डावात आठ. लॉर्ड्सच्या देशात पूना क्लबचा ग्राउंड्समन सर्वांना पुरून उरला.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातलं मानपत्र विशीतल्या भीमराव आंबेडकरांनी लिहिलं होतं, असं सांगतात.

एवढं सगळं केलेला माणूस टीमचा कॅप्टन व्हायला हवा, नाही का? वर्षामागून वर्ष चौरंगी सामने येत राहिले (हिंदू, पारशी, युरोपियन आणि 1912 पासून मुसलमान अशा टीम) आणि वर्षामागून वर्ष कप्तानपद बाळूंना चुकवून जात राहिलं. 1913 मध्ये कॅप्टन झालेल्या एम. डी. पै यांनी सत्काराला उत्तर देताना मोकळेपणाने सांगितलं, की हा मान बाळूंचा होता. पै स्वतः सारस्वत ब्राह्मण. म्हणजे बोलणारी माणसं होती. निवडणारी ऐकत नव्हती.

1920 साली मात्र ठिणगी पडली. बाळूंना टीममधूनच वगळलं. पै पहिल्या मॅचला नव्हते, तर कप्तानपद पुण्याच्या दि. ब. देवधरांना दिलं. देवधर मोठेच खेळाडू, त्यांच्या नावाची ट्रॉफी तुम्हाला माहीत आहे. पण वयाने आणि अनुभवाने पालवणकर बंधूंना धाकटे. शिवराम आणि सगळ्यांत धाकटे विठ्ठल या दोघांनी खेळायला नकार दिला आणि कारण जाहीरपणे सांगितलं: जातीमुळे डावललं जातंय, आणि ते आता सहन होणार नाही. नोकरदार माणसांनी, जिमखान्याच्या मेहेरबानीवर खेळणाऱ्यांनी हे करणं सोपं नव्हतं. पेपरांत पत्रं आली, लोक त्यांच्या बाजूने बोलायला लागले. पारशांविरुद्धच्या शेवटच्या मॅचला भाऊ परतले. पै कॅप्टन, बाळू व्हाइस कॅप्टन. आणि मॅच चालू असताना पै मैदान सोडून आत गेले, टीम बाळूंच्या हाती देऊन. चव्वेचाळीसाव्या वर्षी, काही वेळापुरती, पण ज्यांनी त्यांना बाहेर चहा पाजला होता त्यांच्या टीमची फील्डिंग बाळूंनी लावली.

तीन वर्षांनी, 1923 मध्ये, विठ्ठल रीतसर कॅप्टन झाले. युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी त्यांना खांद्यावर उचलून नेलं. थोरल्या भावाने अडवलेल्या दारात पाय रोवून ठेवला, धाकटा आत गेला. विठ्ठलांनी पुढे मराठीत आत्मचरित्रही लिहिलं. बाळूंनी लिहिलं नाही, आणि मला तरी याची फार हळहळ वाटते.

आकडे हवेत ना? प्रथम श्रेणीच्या 33 मॅच, 179 विकेट, सरासरी पंधराच्या थोडी वर. कसोटी एकही नाही. भारताची पहिली कसोटी जून 1932 मध्ये लॉर्ड्सवर झाली तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाळू पुन्हा पुण्यात आले होते, वेगळ्याच कामासाठी. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात उपोषणाला बसले होते, आंबेडकरांशी वाटाघाटी चालू होत्या. 24 तारखेला पुणे करार झाला. त्यावर सही करणाऱ्यांत पी. बाळू आहेत. बंडगार्डनचा पूल ओलांडला की येरवडा. नदीच्या या बाजूला क्लबचं मैदान, त्या बाजूला तुरुंग.

आंबेडकर एके काळी ज्यांचा अभिमान बाळगायचे, ते बाळू आता राजकारणात त्यांच्या विरुद्ध बाजूला होते. 1937 च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने बाळूंनाच आंबेडकरांसमोर उभं केलं. आंबेडकरांना 13,245 मतं, बाळूंना 11,225. काहींना वाटतं काँग्रेसने त्यांना वापरून घेतलं, काहींना वाटतं तो त्यांचा स्वतःचा, शांत सुधारणेचा मार्ग होता. मी यात न्यायाधीश होणार नाही, तुम्ही दोन्ही बाजू वाचून ठरवा. 4 जुलै 1955 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

आता उन्हाळ्यात डाळजला, भिगवणला, पळसदेवला टेनिस बॉलच्या मॅचेस लागतील. रान मोकळं झालं की कुणीतरी आदल्या संध्याकाळी पिचवर पाणी मारेल, फक्कीने क्रीज आखेल, स्टंपा ठोकेल आणि मॅच सुरू झाली की बाउंड्रीबाहेर जाऊन बसेल. त्याला एकदा सहा बॉल टाकायला द्या.