रहस्यकादंबरीकार नाथमाधव

रहस्यकादंबरीचे नाव निघताच वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. विद्यार्थ्यांच्या दप्तरात मात्र ती अभ्यासाच्या पुस्तकाआड हटकून सापडते. हा वाद जुनाच आहे. त्याचा निवाडा करण्यापूर्वी एका कादंबरीकाराचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

नाथमाधव यांचे मूळ नाव द्वारकानाथ माधवराव पितळे. त्यांचा जन्म ३ एप्रिल १८८२ रोजी मुंबईस झाला. तरुणपणी ते कुलाब्यास तोफांच्या कारखान्यात नोकरीस होते. एकदा सिंहगडावर शिकारीस गेले असता ते कड्यावरून कोसळले आणि त्यांचे कमरेखालील शरीर कायमचे निकामी झाले. ऐन उमेदीत पाय गेले. दुसरा कोणी असता तर दैवाला दोष देत बसला असता. नाथमाधवांनी रुग्णशय्येवर ग्रंथ जवळ केले व पुढे हाती लेखणी धरली.

१९०८ साली त्यांची 'प्रेमवेडा' ही कादंबरी आली. १९१३ च्या 'वीरधवल' या अद्भुतरम्य कादंबरीने त्यांचे नाव घरोघरी नेले. 'रायक्लब अथवा सोनेरी टोळी' ही त्यांची रहस्यप्रधान कृती. 'डॉक्टर'मध्ये त्यांनी सामाजिक प्रश्न हाताळला, तर 'स्वराज्य'मालेत शिवकाल रंगविला. २१ जून १९२८ रोजी, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

रहस्यकथेतील पात्रे आपले अंतःकरण सहसा उघडे करीत नाहीत. ती अलिप्त राहतात, मोजके बोलतात. म्हणूनच अंधारी वाट, बंद दार वा दूरवरचा दिवा यांनाही अर्थ येतो. कित्येकांना अशी पात्रे कोरडी वाटतात. परंतु त्यांच्या वागण्यावरून मन ओळखावयाचे काम लेखक वाचकावर सोपवितो, आणि ते काम बुद्धीला चालना देणारे आहे. शेजारच्या बाकावरील अबोल मुलाचे मनही असेच ओळखावे लागते.

'वीरधवल'मधील पराक्रम वाचताना तो रचणारा हात अंथरुणाला खिळलेल्या मनुष्याचा होता, याची शंकाही येत नाही. आपली व्यथा बाजूस सारून त्याने इतरांस आनंद दिला.

कडोदऱ्यासारख्या गुजराती मुलखात राहून मराठी शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस मराठी वाचनाची गोडी ज्या पुस्तकाने लागेल, ते पुस्तक आम्ही त्याज्य मानीत नाही. अभ्यास उरकून रहस्यकादंबरी अवश्य वाचावी. मात्र ती दप्तरात लपवू नये, ग्रंथालयातून उघडपणे मागून न्यावी.