घड्याळजी पेल्तिए

घड्याळजीच्या दुकानात क्षणभर उभे राहिले, म्हणजे त्याच्या धंद्याचे मर्म ध्यानी येते. तेथे जे काही आहे ते हलते आहे. लंबक झुलतो, दंतचक्रे एकमेकांत अडकून फिरतात, स्प्रिंग गुंडाळते आणि उलगडते. अशाच एका दुकानात ज्याचे तारुण्य गेले, त्या मनुष्याने पुढे थंडी निर्माण करण्याची अशी एक रीत शोधून काढली, की जिच्यात एकही चाक फिरत नाही आणि एकही दट्ट्या वरखाली होत नाही. त्याचे नाव झाँ शार्ल अथनाझ पेल्तिए.

पेल्तिएचा जन्म २२ फेब्रुवारी १७८५ रोजी उत्तर फ्रान्समधील हाम या लहानशा गावी झाला. तो चार वर्षांचा असताना फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. घरची स्थिती बेताची असल्याने मोठ्या विद्यालयात जाण्याचा योग त्याला आला नाही. त्याने घड्याळजीचे काम शिकून घेतले आणि तो पॅरिसला आला. तेथे अब्राहम लुई ब्रेगे नावाचा एक थोर घड्याळजी होता. त्याची घड्याळे युरोपातील राजेरजवाडे खिशात बाळगीत. त्याच्या हाताखाली पेल्तिएने काम केले आणि काही काळाने स्वतःचे दुकान थाटले.

धंदा बरा चालला असतानाच, वयाच्या तिशीच्या सुमारास, त्याने दुकान सोडले. पत्नीच्या माहेरून थोडा वारसा मिळाला होता. त्यात साधेपणाने राहिल्यास निर्वाह होण्याजोगा होता. दुसरा एखादा त्या पैशावर दुकान वाढविता. पेल्तिएने मात्र आपला सर्व काळ शास्त्राच्या अभ्यासाला वाहिला. त्याच्याजवळ पदवी नव्हती की अध्यापकाची जागा नव्हती. होती ती घड्याळजीची बोटे व बारीक नजर. प्रयोगाला लागणारी नाजूक उपकरणे तो स्वतः घडवी.

त्या काळी विजेविषयी सर्वत्र मोठे कुतूहल होते. १८२१ साली झेबेक या जर्मन शास्त्रज्ञाला एक चमत्कारिक गोष्ट दिसली होती. दोन निरनिराळ्या धातूंचे तुकडे टोकांशी जोडून त्यांचे कडे केले आणि एक सांधा तापविला, तर जवळ ठेवलेली चुंबकसूची हलते. म्हणजे केवळ उष्णतेने त्या कड्यात विद्युत्प्रवाह वाहू लागतो.

१८३४ साली पेल्तिएने निराळाच प्रश्न हाती घेतला. तारेतून वीज वाहू लागली म्हणजे तार तापते, हे सर्वांना ठाऊक होते. परंतु ती सर्व ठिकाणी सारखी तापते काय? अनेक धातूंचे तुकडे एकापुढे एक डाख देऊन जोडले, तर त्यांच्या सांध्यांपाशी उष्णता किती असते? हे मोजण्यासाठी त्याने चिमट्यासारखे एक सूक्ष्म उष्णतामापक बनविले आणि तारेवर बोटबोट अंतराने ते लावून पाहिले.

बिस्मथ आणि अँटिमनी या दोन धातूंच्या सांध्याशी येताच तो थबकला. वीज एका दिशेने वाहत असता तो सांधा नेहमीपेक्षा अधिक तापे. तीच वीज उलट दिशेने सोडली, की सांधा तापण्याऐवजी थंड पडे! विजेने थंडी निर्माण व्हावी, हे त्या काळच्या कोणाच्या स्वप्नातही नव्हते. आपलेच उपकरण आपल्याला फसवीत असेल, असे पेल्तिएला वाटले असल्यास नवल नाही. म्हणून त्याने अगदी निराळ्या रीतीने पडताळा पाहिला. काचेच्या फुग्यात तो सांधा बंद केला. सांधा तापला तर आतील हवा प्रसरण पावेल, थंड झाला तर आकुंचन पावेल, आणि फुग्याला जोडलेल्या बारीक नळीतील द्रव त्याप्रमाणे सरकेल. वीज बिस्मथकडून अँटिमनीकडे सोडताच द्रव सरकला तो हवा आकुंचन पावल्याचे दाखवीत. थंडी खरी होती.

आपल्या हाती काय लागले आहे, हे मात्र पेल्तिएला पुरते उमगले नाही. त्याने जे दिसले ते प्रसिद्ध केले, परंतु त्याचे कारण त्याला सांगता आले नाही. शास्त्राच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते. त्यात त्याला कमीपणा येतो, असे मला वाटत नाही. चार वर्षांनी, १८३८ साली, रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे एमिल लेन्झ याने सर्वांची खात्री पटविली. त्याने त्याच दोन धातूंच्या सांध्यावर पाण्याचा एक थेंब ठेवला व वीज सोडली. थेंब गोठून त्याचे बर्फ झाले. प्रवाहाची दिशा बदलताच बर्फाचे पुन्हा पाणी झाले. वीज येथे थंडी नव्याने निर्माण करीत नव्हती. ती एका सांध्यावरची उष्णता उचलून दुसऱ्या सांध्यावर नेऊन टाकीत होती. हमालाने एका घरचे ओझे दुसऱ्या घरी पोचवावे, तसाच हा प्रकार.

पेल्तिए एव्हाना दुसऱ्याच विषयात रमला होता. मेघांतील वीज, वादळे, समुद्रावर उठणारे पाण्याचे स्तंभ यांचा तो अभ्यास करी, आणि १८४० साली त्याने या स्तंभांवर एक ग्रंथही लिहिला. २७ ऑक्टोबर १८४५ रोजी पॅरिस येथे त्याचा अंत झाला. त्याच्या शोधाचा व्यवहारात काही उपयोग होईल, असे चिन्ह तोवर कोठेही दिसत नव्हते.

याचे कारण साधे आहे. धातू विजेप्रमाणे उष्णतेचेही चांगले वाहक असतात. एका सांध्यावरून उचललेली उष्णता त्याच धातूतून परत येई, आणि विजेच्या वाहण्याने तार तापे ती निराळीच. मिळवावे आणि तत्काळ गमवावे, अशी गत. शंभराहून अधिक वर्षे हा शोध पुस्तकातच राहिला. मग अर्धवाहक पदार्थांचे युग आले. १९५४ साली इंग्लंडमध्ये बिस्मथ टेल्युराइड या पदार्थाचे गुण ध्यानी आले. तो वीज बरी वाहतो, पण उष्णता फारशी वाहत नाही. त्याचे लहान लहान ठोकळे ओळीने जोडून दोन पातळ फरश्यांमध्ये बसविले, म्हणजे एक फरशी थंड होते व दुसरी तापते. तापलेल्या बाजूची उष्णता बाहेर काढून टाकावी लागते, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले.

घरातील शीतकपाटाला हात लावून पाहा. आतील यंत्र चालू असता ते थरथरते. दूध आणि भाजी यांना त्या कंपाचे काही वाटत नाही. परंतु अतिसूक्ष्म विद्युत्संकेत टिपणाऱ्या उपकरणाला ती थरथर सोसत नाही; खऱ्या संकेतात खोटे संकेत मिसळतात. उपकरण थंड ठेवणे तर आवश्यकच, कारण उष्णतेनेही असेच खोटे संकेत उठतात. पूर्वी याकरिता द्रवरूप नायट्रोजनचे भांडे जोडीत. ते जड असे, पुन्हा पुन्हा भरावे लागे, आणि त्यातील द्रव उकळताना उठणारे बुडबुडेही कंप निर्माण करीत. पेल्तिएच्या रीतीला वीज अधिक लागते आणि थंडी बेताचीच मिळते; मोठे शीतकपाट त्यावर चालविणे परवडत नाही. परंतु नखाएवढ्या जागेला थंडावा हवा असेल आणि ते उपकरण हातात घेऊन डोंगरावर जायचे असेल, तर तिच्या तोडीची दुसरी रीत क्वचितच सापडेल. खडकात कोणती मूलद्रव्ये आहेत हे क्ष-किरणांनी जागच्या जागी ओळखणारी हातात धरण्याजोगी उपकरणे भूशास्त्रज्ञ आज वापरतात. त्यांच्या आत अशीच चिमुकली फरशी असते.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरले. त्यातून बाहेर पडलेल्या प्रज्ञान नावाच्या लहान गाडीवर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने तयार केलेले एक उपकरण होते. चंद्राच्या मातीतून येणारे क्ष-किरण टिपणारा त्याचा संवेदक थंड राखावा लागे. त्या संवेदकाच्या पोटात एक पेल्तिए-शीतक बसविलेला होता. चंद्रभूमीवर गाडीची सहा चाके फिरत होती. त्या शीतकात मात्र काहीच हलत नव्हते.