दुसऱ्या वेळचा डंख

मधमाशी चावली की बहुतेकांना आग होते, गांध उठते आणि दोन-चार दिवसांत सूज उतरते. मोजक्या लोकांच्या मात्र काही मिनिटांतच अंगभर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. यांतल्या अनेकांना आधीही माशी चावलेली असते आणि तेव्हा काहीच झालेले नसते. एकदा पचलेले विष पुढच्या खेपेस जिवावर का बेतते, याचा माग शार्ल रिशे यांना लागला; तोही माशीमुळे नव्हे.

रिशे यांचा जन्म १८५० सालचा, पॅरिसचा. वडील नामांकित सर्जन. स्वतः रिशे १८८७ पासून शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. विमान बनवण्यापासून मृतात्म्यांच्या शोधापर्यंत त्यांना सगळ्यातच रस. (यातला शेवटचा नाद शास्त्रज्ञाला न शोभणारा, पण तो शेवटपर्यंत सुटला नाही.) १९०१ मध्ये मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर त्यांनी पोल पोर्तिये यांच्यासह विषारी सागरी जीवांचा अभ्यास सुरू केला. पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर येणारी ‘ब्लू बॉटल’ त्याच जातकुळीतली.

पॅरिसला परतल्यावर दोघांनी समुद्रफुलाचे विष कुत्र्यांना टोचले. थोडे थोडे विष दिले की शरीर त्याला सरावेल, अशी अटकळ होती. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याने पहिला डोस सहज पचवला. सुमारे तीन आठवड्यांनी तेवढेच विष पुन्हा टोचले, तर काही सेकंदांत त्याला धाप लागली आणि २५ मिनिटांत तो मेला. चुकून डोस जास्त झाला असेल म्हणून विषय सोडून देणे सोपे होते. रिशे यांनी तसे केले नाही. संरक्षणाच्या नेमके उलट, या अर्थाने त्यांनी १९०२ मध्ये याला ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ नाव दिले. १९१३ चे नोबेल याच कामासाठी मिळाले.

पहिल्या डंखानंतर काहींच्या शरीरात ‘आयजीई’ प्रतिपिंडे तयार होऊन मास्ट पेशींवर दबा धरून बसतात. पुन्हा तेच विष आले की या पेशी हिस्टामिन ओततात. रक्तवाहिन्या सैलावतात, श्वासनलिका आकसतात. अशा वेळी मांडीत तातडीने दिलेले अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच खरा उपाय. पित्ताच्या गोळीवर विसंबून चालत नाही. आयजीईचा शोध १९६६ चा. रिशे १९३५ मध्येच वारले होते.

थोडे थोडे विष देऊन शरीराला सरावायची त्यांची मूळ कल्पनाही वाया गेली नाही. १९७० च्या दशकापासून माशीच्या विषाची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्यांना तेच विष, अगदी सूक्ष्म मात्रेपासून वाढवत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली टोचले जाते.