मठमाता संत हिल्डा

१७ नोव्हेंबर हा संत हिल्डा यांचा सण. ६१४ साली जन्मलेल्या हिल्डा इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रियाच्या राजघराण्यातील. ६२७ च्या पास्का सणाला राजा एडविनबरोबर त्यांचा स्नानसंस्कार झाला. ६५७ साली त्यांनी व्हिटबी येथे मठ स्थापला. तेथील संन्यासी व संन्यासिनी सारे त्यांना आई म्हणत. गुराखी कॅडमनचे गाणे ही देवाची देणगी आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या मठाने ख्रिस्तसभेला पाच बिशप दिले.

६६४ साली पास्का सणाच्या तारखेचा वाद त्यांच्याच मठात निकालात निघाला. त्या आयरिश परंपरेच्या बाजूने होत्या. निर्णय रोमच्या बाजूने लागला. त्यांनी तो स्वीकारला आणि ६८० साली मृत्यू येईपर्यंत सेवा सोडली नाही.

सभेत आपले मत पडले की आपण रुसून बसतो. अशा वेळी या मातेची आठवण ठेवू या.