औषधांच्या दुकानातील इब्सेन

हेन्रिक इब्सेन म्हटला की 'ए डॉल्स हाऊस'मधली नोरा आठवते. अनंत काणेकरांनी ते नाटक 'घरकुल' या नावाने मराठीत आणले, त्यामुळे ही बाई आपल्याला परकी राहिलेली नाही. परंतु तिच्या निर्मात्याची सहा वर्षे नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका चिमुकल्या बंदरात औषधे खलण्यात गेली, याची चर्चा आपण फारशी करीत नाही. मला तर त्याच्या कितीतरी नाटकांचे मूळ तिथेच दिसते.

इब्सेनचा जन्म २० मार्च १८२८ रोजी शीएन या गावी झाला. वडील सधन व्यापारी होते; पण हेन्रिक सात-आठ वर्षांचा असतानाच त्यांचा व्यापार बुडाला आणि कुटुंब गावाबाहेरच्या शेतावर राहावयास गेले. पंधराव्या वर्षी, १८४४ च्या आरंभी, हा मुलगा ग्रिमस्तादला एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीस लागला.

ग्रिमस्तादची वस्ती तेव्हा आठशेच्या आसपास. गावाचे पोट शिडाच्या जहाजांवर चाले. जहाजे बांधायची, त्यांवर माल लादून परदेशी पाठवायची. साहजिकच जहाजांचे मालक तेच गावाचे पुढारी आणि नीतीचे रखवालदारही तेच. म्हाताऱ्या खलाशांना नेपोलियनच्या युद्धातील दिवस आठवत असत. इंग्रजांच्या आरमाराने समुद्र अडविल्यामुळे धान्य येईना, तेव्हा माणसे जिवावर उदार होऊन लहानशा होड्या वल्हवीत डेन्मार्कला जात आणि धान्य आणीत. या कथा इब्सेनने ऐकल्या आणि १८६२ मध्ये 'तेर्ये व्हीगेन' या दीर्घ काव्यात त्यांना रूप दिले.

स्वतः इब्सेन मात्र तिथे उपराच होता. हिवाळ्यातही त्याच्या अंगावर ओव्हरकोट नसे. त्यातच अठराव्या वर्षी, दुकानात कामाला असलेल्या, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठ्या मोलकरणीपासून त्याला मुलगा झाला. ती आपल्या गावी निघून गेली. इब्सेनला पुढे अनेक वर्षे पोटगी भरावी लागली. एवढ्याशा गावात हे लपणार कसे? दिवसा गिऱ्हाइकांना औषधे द्यायची आणि रात्री प्रवेशपरीक्षेसाठी लॅटिन वाचायचे, असा त्याचा क्रम होता. त्या वाचनात रोमचा बंडखोर कॅटिलाइन भेटला. १८४८ मध्ये युरोपभर क्रांतीचे वारे सुटले होते. त्या भरात इब्सेनने त्याच्यावर नाटक लिहिले. रंगभूमीने ते नाकारले, तेव्हा शुलेरुड या मित्राने पदरचे पैसे घालून १८५० मध्ये अडीचशे प्रती छापविल्या. लेखकाचे नाव अर्थात टोपण. थोड्याच प्रती खपल्या, उरलेल्या रद्दीत गेल्या. त्याच वर्षी इब्सेनने ग्रिमस्ताद सोडले आणि राजधानीत प्रवेशपरीक्षा दिली. ग्रीक आणि अंकगणितात तो नापास झाला! (आमच्यापैकी काहींना हे वाचून धीर येईल.)

सत्तावीस वर्षांनी, १८७७ मध्ये, जर्मनीत राहत असताना त्याने 'समाजाचे आधारस्तंभ' लिहिले. नाटक घडते नॉर्वेतल्या एका लहान बंदरात. बर्निक हा जहाजबांधणीचा कारखानदार, गावाचा आदर्श पुरुष. तरुणपणच्या प्रेमप्रकरणाचा डाग त्याने दुसऱ्याच्या माथी मारून आपले नाव स्वच्छ ठेवलेले असते. आता तो कुजलेले जहाज वरवर डागडुजी करून समुद्रात लोटायला निघतो आणि नेमका त्याचाच मुलगा घरातून पळून त्या जहाजावर जातो. गावाचे नाव नाटकात नाही; पण वाचताना मला सारखे ग्रिमस्तादच दिसत राहिले. बर्निककडून इब्सेनने शेवटी चारचौघांत कबुली वदविली. स्वतःच्या बाबतीत त्याला ते जमले नाही. पोटगी भरली, पण त्या मुलाला आपल्या घरात जागा दिली नाही. सत्याचा एवढा आग्रह धरणाऱ्या लेखकाचे हे वागणे मला खटकते. आणि त्याच्या नाटकांतून जुनी पापे दार ठोठावत परत का येतात, याचा उलगडाही इथेच होतो.

इब्सेन २३ मे १९०६ रोजी मरण पावला, तेव्हा साऱ्या नॉर्वेने त्याला राष्ट्रपुरुषाचा मान दिला. तो मुलगा लोहारकाम करीत दारिद्र्यात जगला आणि १९१६ मध्ये वारला. त्याच वर्षी ग्रिमस्तादमधील त्या जुन्या औषधांच्या दुकानात इब्सेनचे संग्रहालय उघडण्यात आले.