नांगराभोवतीची वसाहत

संस्थेचे ध्येय दोन ओळींत लिहून त्याची तसबीर प्रवेशद्वारी लावण्याची प्रथा आता कारखान्यांत आणि कचेऱ्यांतही रूढ झाली आहे. तिच्याखालून रोज जाणाऱ्या कारकुनास किंवा कामगारास आपल्या हातातील कामाचा त्या ओळींशी संबंध काय, हे मात्र सहसा सांगता येत नाही. या प्रश्नाचा विचार करताना लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांच्या आयुष्यातील १९१० नंतरचा कालखंड नजरेसमोर आणणे उपयुक्त ठरेल.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण डोळ्यांना काही रंगांतील भेदच उमगत नाही असे आढळून आले आणि तो मार्ग बंद झाला. मग ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले व व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. तेथे बढतीच्या वेळी त्यांना डावलले गेले. स्वाभिमानी माणसाने अशा वेळी जे करावे तेच त्यांनी केले. नोकरी सोडून ते बेळगावास परतले. वडील बंधू रामुअण्णा यांच्यासमवेत त्यांनी आधीच सायकलींचे दुकान थाटले होते. त्याला जोडून आता कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर यांचा छोटा कारखाना उभा राहिला.

हा नांगर कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. या दोन वर्षांचे महत्त्व चरित्रकथांत बहुधा चिकाटीचा नमुना म्हणून सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. आपण बनवतो ती वस्तू कोणाच्या हाती जाणार आणि तो ती का नाकारतो, हे मालकापासून भट्टीवरच्या माणसापर्यंत साऱ्यांना ठाऊक झाले. ग्राहक हा त्यांच्यासाठी हिशेबाच्या वहीतील नाव नव्हता. तो शेजारच्या गावचा कुणबी होता.

जम बसत असतानाच बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा हवी झाली आणि बिऱ्हाड हलवणे भाग पडले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन देऊ केली. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, सापांचा सुळसुळाट असलेला ओसाड माळ! १९१० साली सुमारे २५ कामगार आपल्या कुटुंबांसह तेथे राहावयास आले. बेळगावसारखे शहर सोडून या माळावर येण्याचे त्यांना काय कारण होते? पगार हे एक कारण असेलच. ते नाकारणे ढोंगीपणाचे होईल. पण पगार इतरत्रही मिळाला असता. निवडुंग तोडताना मालक आपल्या बरोबरीने उन्हात उभा आहे, हे पगारपत्रकात न दिसणारे कारण त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

या वसाहतीतील सहकाऱ्यांची निवड आजच्या कोणत्याही नोकरभरतीच्या कसोटीस उतरणार नाही. अनंतराव फळणीकर यांचे शिक्षण अर्धवट राहिलेले, पण यंत्ररचनेत त्यांची कल्पकता अपूर्व. के. के. कुलकर्णी परीक्षेत अपयशी ठरलेले. ते वसाहतीच्या व्यवस्थेतील हरहुन्नरी गृहस्थ बनले. मंगेशराव रेगे हिशेब पाहत; आग, बॉयलर, रोगराई असे कोणतेही संकट आले की शंभूराव जांभेकर धावत. दरोडेखोरीचा शिक्का बसलेले पिऱ्या मांग व तुकाराम रामोशी यांच्याकडे तर राखणीचे काम सोपवले गेले आणि त्यांनी ते इमानाने केले. वसाहतीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. त्या काळी हा दंडक स्वतःच्या घराच्या उंबऱ्याआडही पाळणे कित्येक सुशिक्षितांना जमले नव्हते.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल दुर्मिळ झाला, लोखंड मिळेना. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी पन्हाळ्यावरील जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या व त्यांचे नांगर झाले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे मराठी घराघरांतील मासिक बनले, हा इतिहास वाचकांस परिचित आहे.

या चित्राला दुसरी बाजू नाही असे नव्हे. ज्या वसाहतीत काम, घर आणि शाळा या साऱ्यांवर एकाच कुटुंबाची छाया असते, तेथे ध्येय समान असले तरी सत्ता समान नसते. नोकरी सुटली तर छप्परही सुटते. अशा ठिकाणी नकार देणे कामगाराला सोपे नसते. वडीलधाऱ्या मालकाची माया ही शेवटी त्याच्या स्वभावावर अवलंबून राहते आणि स्वभाव वारसाहक्काने मिळत नाही. म्हणूनच पुढच्या काळात औद्योगिक संबंधांसाठी कायदे आणि संघटना आवश्यक ठरल्या. लक्ष्मणरावांचा मोठेपणा मान्य करूनही हे लक्षात ठेवावे लागते. तरीही कायद्याने बांधलेल्या आजच्या आस्थापनांत किती जणांना आपण नक्की कोणासाठी राबतो हे सांगता येईल, ही शंका उरतेच.

१९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीलाही झळ लागली. कारखाना पुन्हा उभा राहिला. त्याआधीच उद्योगाचा विस्तार हरिहर, बंगळूर, पुणे असा झाला होता व सूत्रे पुढल्या पिढीकडे जात होती. १९५६ साली लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीच्या निमित्ताने टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. निवडुंगाच्या माळाशेजारचे ते कुंडल रोड स्थानक मात्र आज किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते.