रामदिघीच्या रानातला माणिक

मागच्या महिन्यात आमच्या घरात एक वादळ येऊन गेलं. लेक नववीत आहे. घटक चाचणीत गणिताचे गुण घसरले, म्हणून यांनी तिचं दप्तर तपासलं. गणिताच्या वहीत मागच्या बाजूने पानंच्या पानं भरलेली, सगळी गाण्यांनी. मोबाइल कपाटात गेला, लेकीने खोलीचं दार लावून घेतलं आणि रात्री जेवायलाही आली नाही. गेलं वर्षभर हे असंच चाललंय. काही विचारलं की खांदे उडवायचे, आरशासमोर अर्धा अर्धा तास उभं राहायचं, मधेच कारण नसताना रडायचं. मैत्रिणींनो, तुमच्याही घरी या वयाचं कोणी असेल तर जास्त सांगायला नको.

आमच्या सासूबाई गुरुदेव सेवा मंडळाच्या. सायंप्रार्थना चुकवत नाहीत. त्यांच्या खाटेच्या वर तुकडोजी महाराजांचा फोटो आहे, भगवा फेटा आणि हातात खंजिरी. त्या रात्री त्यांनी आपल्या मुलाला एवढंच विचारलं, की ह्या फोटोतल्या पोट्ट्याचीही वही कोणी अशीच हिसकली असती तर? हे काही बोलले नाहीत. मला मात्र झोप लागेना. हा फोटो मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून पाहते आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत तो कुठे नाही? ग्रामपंचायतीत आहे, शाळेत आहे, हॉटेलच्या गल्ल्यामागेही आहे. पण फोटोतले महाराज नेहमी मोठेच दिसतात. ते कधीतरी चौदा वर्षांचे असतील, घरच्यांच्या डोक्याला ताप झाले असतील, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

मग सासूबाईंकडची चरित्रं काढली आणि दुपारी दुपारी वाचली.

अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत ३० एप्रिल १९०९ रोजी हा मुलगा जन्मला. नाव माणिक, आडनाव इंगळे. वडील बंडोजी, आई मंजुळाबाई. घरात गरिबी. वडील कपडे शिवत, त्यावर कसंबसं भागे. आई त्याला घेऊन वरखेडला, आपल्या माहेरच्या गावी राहिली. तिथे शाळेत घातलं. माणिकचं तिथे मन लागेना. भजन कुठे चाललंय, देवळात कोण आलंय, तिकडेच पाय वळायचे. प्राथमिकच्या दोन-चार इयत्तांपुढे शिक्षण गेलं नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर शाळाबाह्य मूल. आपल्या गावच्या यादीत असं नाव निघालं असतं, तर गुरुजी घरी चकरा मारून थकले असते.

वरखेडला आडकोजी महाराज होते. गावाने त्यांना संत मानलं होतं. हा रिकामटेकडा पोरगा त्यांच्या पायाशी जाऊन बसायचा, गायचा. त्या वयात तो इतर सगळे गातात तेच गाणार, संतांचे अभंग. तुकड्या हे नाव कसं पडलं, याच्या एकाहून जास्त गोष्टी सांगतात. भाकरीच्या तुकड्यावर राहायचा म्हणून, असं एक. दुसरी गोष्ट अशी, की तो तुकाराम महाराजांचे अभंग त्यांच्याच नाममुद्रेने गायचा, तेव्हा आडकोजींनी त्याला सुचवलं, की आता तुझं तू म्हण आणि शेवटी तुकड्या हे नाव घाल. खरं काय ते देव जाणे. पण दुसरी गोष्ट वाचली आणि मी पुस्तक खाली ठेवून लेकीची ती वही काढली.

तोवर मी ती नीट पाहिलीच नव्हती. यांनी गाणी म्हटलं, मी गाणी धरली. बरीचशी सिनेमाचीच होती, काही त्या मोबाइलवरच्या रीलमधली. पण मधेच चार ओळी अशा, की त्या कोणत्याच गाण्यात नाहीत. पाऊस, बसची खिडकी आणि कोणीतरी आपल्याशी बोलायचं बंद केलंय, असं काहीतरी. शुद्धलेखन यथातथाच. खाली नाव नव्हतं, पण आपल्या लेकराचं बोलणं आपण ओळखतोच ना!

या वयाचं असंच असतं. आधी दुसऱ्याचा आवाज उसना घ्यायचा, दुसऱ्याची केशरचना, दुसऱ्याची चालसुद्धा. त्यात हळूच कुठेतरी आपलं काहीतरी मिसळून बघायचं. ते आपलं काय आहे हे कोणी ओळखलं तर मूल त्याच्याकडे धावतं, आणि हसलं तर दार लावून घेतं. माणिकला ओळखणारं माणूस मिळालं. पण तेही फार दिवस नाही. तो बारा-तेरा वर्षांचा असेल, तेव्हा आडकोजी महाराजांनी देह ठेवला.

आणि मग चौदाव्या वर्षाच्या आसपास माणिक घर सोडून निघाला. रामटेक, सालबर्डी आणि मग आपल्या चिमूर तालुक्यातली रानं, रामदिघी आणि गोंदेडा. रामदिघीला आपण बोलताना रामदेगी म्हणतो. वरोरा-चिमूरकडच्या बायकांनी ती टेकडी पाहिली असेलच. ताडोबाला लागून असलेलं जंगल ते. आजही तिकडे संध्याकाळनंतर मोटरसायकलवाला एकटा जात नाही. शंभर वर्षांपूर्वी ते केवढं दाट असेल! साग, बांबू, मोह, तेंदू, आणि वाघ तर होतेच. तिथे गुहेत हा मिसरूड न फुटलेला पोरगा राहिला. ध्यान करायचा, योगासनं शिकला. रानातल्या साधूंशी आणि आसपासच्या आदिवासींशी त्याची ओळख झाली.

भक्तमंडळी या काळाला तपश्चर्या म्हणतात. सासूबाईंसमोर मीही तोच शब्द वापरते. पण आई म्हणून वाचताना मला दुसरंही दिसतं. गुरू गेलेला, शाळा सुटलेली, घरी दारिद्र्य, आणि आपण कोण हे कळत नाही असं एक पोर. त्याला एकटं राहायचं होतं. त्या रानात त्याच्या शरीरालाही काम मिळालं. चालणं, चढणं, भूक सहन करणं, भीतीला तोंड देणं. मन आणि शरीर दोन्ही एकदम घडत होतं. आपण सर्वांगीण विकास असा जाडजूड शब्द शाळेच्या प्रगतिपुस्तकात वाचतो आणि सही करून परत पाठवतो. तो शब्द मला पहिल्यांदा त्या गुहेपाशी कळला.

आणि मला सारखी मंजुळाबाई दिसते. पोरगा रानात आहे, खाल्लं असेल का, जनावराने ओढलं तर नसेल, हे तिच्या मनात रोज आलं असेल. महाराजांच्या गोष्टीत ती दोन ओळीत येते आणि जाते. माझी लेक पंधरा मिनिटं उशिरा आली तरी मी रस्त्यावर जाऊन उभी राहते. आमच्याकडे ती मानव विकासच्या निळ्या बसने शाळेत जाते. बस चुकली तर चार किलोमीटर जंगलाचा रस्ता, आणि मागल्या उन्हाळ्यात त्याच रस्त्यावर वाघ दिसला होता.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. माणिक मुलगी असता तर? १९२३ च्या सुमारास चौदा वर्षांच्या मुलीने रामदिघीची वाट धरली असती काय? तिचं तोवर लग्न झालेलं असतं, कदाचित कडेवर मूलही. मुलग्याचा एकांत म्हणजे साधना, आणि मुलीचा एकांत म्हणजे संशय. गडचिरोलीकडे, एटापल्ली-भामरागडच्या माडिया आणि गोंड गावांत पाळी आली की बाईने कुर्माघरात राहायचं, ही रीत आहे. गावाबाहेरची लहानशी झोपडी. पहिल्यांदा पाळी आलेली मुलगीसुद्धा तिथेच. एकांत तोही आहे, पण तो तिने मागितलेला नाही. अलीकडे काही गावांत त्या जागी पक्की, वीज-पाण्याची सोय असलेली विसावा केंद्रं बांधली गेली, ते बरं झालं. पण मुलीला आपल्या शरीरात काय चाललंय हे कोण सांगणार? याच मुलखात गोटुलही होतं, काही ठिकाणी आहे. तरुण पोरंपोरी एकत्र जमायची, नाच, गाणी, गावचं काम शिकायची. मोठं होणं ही गावाची जबाबदारी आहे, हे त्या लोकांना आपल्याआधी कळलं होतं असं मला वाटतं. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत मुलामुलींसाठी तारुण्यभान शिबिरं सुरू केली, त्यात शरीर, मन, नाती यांवर मोकळेपणी बोललं जातं. आमच्या वेळी असं काही असतं तर! मला पहिल्या पाळीला वाटलं होतं, की आपल्याला कॅन्सर झालाय. दोन दिवस कोणाला सांगितलं नव्हतं.

असो. माणिककडे येते.

रानातून बाहेर पडला तो तुकडोजी होऊन. गावोगाव खंजिरीवर भजनं, आणि ती भजनं आता त्याची स्वतःची, मराठीत आणि हिंदीतही. देवाबरोबर त्यात गावची घाण, दारू, व्यसनं, अंधश्रद्धा, अस्पृश्यता हे सगळं यायला लागलं. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये गांधीजींनी बोलावलं, तेव्हा महिनाभर ते त्यांच्याजवळ राहिले. मग आलं १९४२. चिमूरला त्यांची भजनं झाली होती, पोरं पेटली होती. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर उठलं. गोळीबारात बालाजी रायपूरकर नावाचा सोळा वर्षांचा मुलगा गेला. सोळा! पुढे फौज गावात घुसली आणि बायकांनी जे सोसलं ते आठवून तिकडच्या म्हाताऱ्या पदर डोळ्याला लावायच्या. त्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपास केला. महाराजांना त्याच ऑगस्टमध्ये चंद्रपुरात अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात त्यांनी तीनेक महिने काढले. बालाजीचं वाचताना मी थांबले. मोठ्या माणसाचा शब्द कोवळ्या पोरात किती खोल जातो, याचा विचार त्या बंद खोलीत महाराजांनीही केला असेल, असं माझं आपलं मन म्हणतं.

१९५५ साली त्यांची ग्रामगीता आली. ४१ अध्याय. त्यात जीवन शिक्षण नावाचा अध्याय आहे. शाळेत जे शिकवतात ते हाताला, शेतीला, घराला, वागण्याला उपयोगी पडलं पाहिजे, नुसती पाठांतराची पोपटपंची नको, असा त्याचा रोख. ज्याला शाळेने धरून ठेवलं नाही, त्याने शाळा कशी असावी हे लिहिलं! महिलोन्नती असाही एक अध्याय आहे. मुलींना शिकवा, त्यांना दासी करू नका, हुंड्यापायी घर बुडवू नका, हे त्यांनी त्या काळात गावोगाव ठणकावून सांगितलं. खरं सांगायचं तर त्यात बाईचं मोठेपण बरंचसं आई म्हणून, घर घडवणारी म्हणून येतं, आणि तिथे माझं मन थोडं अडतं. सासूबाईंना मी हे बोलून दाखवलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, त्यांना सायंप्रार्थनेसाठी घराबाहेर पडता आलं ते महाराजांमुळेच. नाहीतर त्यांच्या सासूने उंबरा ओलांडू दिला नसता. यावर मी काय बोलणार?

त्याच १९५५ मध्ये ते जपानला जागतिक परिषदेत गेले आणि तिथेही खंजिरी घेऊनच. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीला त्यांचं निधन झालं. आजही पुण्यतिथीला तिथे लाखो माणसं एका वेळी स्तब्ध उभी राहतात. सासूबाई दोनदा जाऊन आल्या आहेत.

आणि गंमत पाहा. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ वेगळं झालं, तोवर आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली पोरं त्याच विद्यापीठाची. माझी बी. ए. ची पदवी २००६ ची. तिच्यावर त्यांचंच नाव छापलंय, आणि ती पदवी मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवली आहे. लग्नानंतर ती कोणी मागितलीच नाही. लेकीला काढून दाखवली तर तिने आधी माझा तेव्हाचा फोटो बघितला आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

वही मी तिला परत दिली. त्या चार ओळी वाचल्या हेही सांगितलं. ती लाल झाली, चिडली, की न विचारता का वाचल्या. बरोबरच होतं तिचं. मी माफी मागितली. गणिताचं अजून तसंच आहे, शेजारच्या ताईकडे शिकवणी लावली आहे. मोबाइलवरून बापलेकीचं अजून जमलेलं नाही. पण बोलायचं कोणी बंद केलंय, हे परवा भांडी आवरताना तिने आपणहून सांगितलं. वर्गातली जिवाभावाची मैत्रीण आहे. कशावरून बिनसलं ते नाही सांगितलं, मीही विचारलं नाही.

जानेवारीत गोंदेड्याला यात्रा असते. सासूबाईंना जायचंय आणि लेकही येते म्हणाली. तिला ती गुहा बघायची आहे, एवढासा मुलगा तिथे कसा राहिला म्हणून. वाघामुळे गाडी करूनच जावं लागेल. गाडीत एक जागा उरते, आणि तिथे त्या मैत्रिणीला बोलवायचं का, याचा विचार गेले दोन दिवस तिच्या खोलीत चाललाय.